निदान, मौन आणि सोबत : कर्करोगविषयक कथनांतील सांत्वनाचे स्वरूप

१

कर्करोगाचे निदान झालेल्या माणसाशी काय बोलावे आणि ते कोणी बोलावे, हा प्रश्न समुपदेशन ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभी राहण्यापूर्वीच कथात्म साहित्याने हाताळला आहे. वैद्यकीय मानव्यविद्या या नावाने जो अभ्यास रूढ झाला आहे, त्यात मात्र साहित्यकृतींचा उपयोग बहुधा दृष्टान्तापुरता केला जातो. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली ‘ऑन डेथ अँड डाइंग’ या ग्रंथात नकार, क्रोध, सौदेबाजी, विषाद आणि स्वीकार अशा पाच अवस्था मांडल्या. त्यानंतर कादंबरीतील रुग्ण कोणत्या प्रकरणात कोणत्या अवस्थेत आहे हे दाखवून दिले की समीक्षेचे काम संपले, असा एक समज बळावला. या पद्धतीत साहित्यकृतीला नवे काही सांगण्याची मुभाच उरत नाही. आधीच सिद्ध मानलेल्या सिद्धान्ताला ती केवळ दुजोरा देते.

प्रस्तुत निबंधात हा क्रम उलटा करून पाहिला आहे. रशियन, अमेरिकन, हिंदी आणि मराठी अशा चार परंपरांतील काही कथने येथे शेजारी ठेवली आहेत आणि भावनिक आधार या संकल्पनेविषयी ती काय शिकवतात याचा शोध घेतला आहे. त्यांत कादंबरी आहे, आत्मपर लेखन आहे आणि चित्रपटही आहे. भारतात कर्करोगाची कथा सर्वसामान्यांपर्यंत प्रामुख्याने चित्रपटातून पोहोचली असल्यामुळे केवळ मुद्रित संहितांपुरता विचार मर्यादित ठेवणे येथे योग्य ठरले नसते.

आरंभी परिभाषेविषयी थोडे. मराठीत रूढ झालेल्या ‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे. सांगणारा जाणता आणि ऐकणारा अजाण, ही विषमता या शब्दातच गृहीत धरली गेली आहे. हिंदीने त्याच अर्थी ‘परामर्श’ हा शब्द स्वीकारला. त्यातील ‘मृश्’ या धातूला विचार करणे आणि स्पर्श करणे असे दोन्ही अर्थ आहेत. मल्याळममध्ये उपशामक शुश्रूषेला ‘सांत्वन परिचरणम्’ म्हणतात. तेथे सांत्वन आणि सेवा या दोन क्रिया एकत्र आल्या आहेत. तीन भारतीय भाषांनी एकाच क्रियेकडे तीन दिशांनी पाहिले आहे. सांगणे, स्पर्श करणे आणि सेवा करणे यांचे परस्परसंबंध काय, हा पुढील विवेचनाचा मूळ प्रश्न आहे.

२

या विषयावरील चर्चेत एक सांस्कृतिक द्वंद्व वारंवार मांडले जाते. पाश्चात्त्य समाज व्यक्तिनिष्ठ, म्हणून तेथे रुग्णाला सत्य सांगितले जाते. भारतीय समाज कुटुंबनिष्ठ, म्हणून येथे ते नातलगांना सांगितले जाते आणि रुग्णापासून लपवले जाते. यातील दुसरे निरीक्षण अनुभवाशी जुळते. १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि कालांतराने मराठी बोलण्यात ‘टाटाला नेले’ एवढे दोन अक्षरांचे नाव रोगाच्या नावाऐवजी वापरले जाऊ लागले. रोगाचा उच्चार टाळून रोग कळवण्याची ही भाषिक सोय आहे, आणि बहुतेक वेळा ती रुग्णाच्या पाठीमागे वापरली जाते.

द्वंद्वाचा पहिला भाग मात्र इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. डोनाल्ड ओकेन यांनी १९६१ साली अमेरिकेत केलेल्या पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल रुग्णाला कर्करोगाचे निदान न सांगण्याकडे होता. १९७९ साली तशाच प्रश्नावलीला मिळालेल्या उत्तरांत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते. ज्याला पाश्चात्त्य स्वभाव म्हटले जाते, तो अठरा वर्षांत घडलेला बदल आहे. जपानमध्ये अकिरा कुरोसावा यांच्या ‘इकिरू’ या १९५२ च्या चित्रपटात डॉक्टर नायकाला साधा व्रण असल्याचे सांगतात. त्याआधीच प्रतीक्षागृहातील एका अनोळखी रुग्णाने डॉक्टरांच्या या गोड बोलण्याचा खरा अर्थ त्याला उलगडून दाखवलेला असतो. लपवण्याची संहिता सर्वत्र होती आणि ती वाचण्याची कलाही रुग्णांनी सर्वत्र आत्मसात केली होती. त्यामुळे संस्कृतिभेदावर सारा भार टाकणारे स्पष्टीकरण बाजूला ठेवून कथनांकडेच वळावे लागते.

३

टॉलस्टॉय यांच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ (१८८६) या दीर्घकथेत रोगाचे नाव येत नाही. मूत्रपिंड की आंत्रपुच्छ, या वादात डॉक्टर गुंतलेले राहतात. अनेक वैद्यकीय वाचकांनी मात्र वर्णनावरून तो कर्करोग असावा असे मानले आहे. नावाची ही अनुपस्थिती कथेच्या आशयाला पोषकच आहे. पत्नी, मित्र आणि डॉक्टर, सारेच इव्हान केवळ आजारी आहे, मरणाच्या दारी नाही, असे भासवत राहतात. देहाच्या वेदनेइतकाच हा खोटेपणा त्याला छळतो, कारण त्या नाटकात त्यालाही भूमिका करावी लागते. आपण मरत आहोत हे त्याला ठाऊक आहे; ज्याच्यापाशी ते बोलता येईल असा माणूस मात्र घरात नाही.

अपवाद गेरासिम या शेतकरी वळणाच्या तरुण नोकराचा. तो मलमूत्राचे भांडे उचलतो, मालकाचे पाय स्वतःच्या खांद्यावर धरून तासन्‌तास बसतो आणि मरण सर्वांनाच आहे हे संकोच न करता बोलतो. येथे दोन गोष्टी नोंदवाव्यात. पहिली अशी की गेरासिम निदान सांगत नाही. ते सांगण्याचा अधिकार वा ज्ञान त्याच्यापाशी नाही. जे दोघांनाही ठाऊक आहे ते तो नाकारत नाही, एवढेच. दुसरी अशी की त्याचे बोलणे कष्टाच्या कामासोबत येते. तेच शब्द दिवाणखान्यात बसलेल्या एखाद्या पाहुण्याने उच्चारले असते तर ते तत्त्वज्ञान ठरले असते. टॉलस्टॉय यांच्या नैतिक विचारात शेतकऱ्याला जे आदर्श स्थान आहे, त्याचा प्रभाव या व्यक्तिरेखेवर आहे आणि त्यामुळे गेरासिमला स्वतःचा थकवा, कंटाळा वा भीती दिलेली नाही, हा आक्षेप रास्त आहे. शुश्रूषा करणाऱ्याचे मन या कथेत रिकामेच राहते. ही उणीव पुढील काळातील लेखकांकडे वारसा म्हणून आली, असे दिसते.

४

सोल्झेनित्सिन १९५४ साली ताश्कंदच्या रुग्णालयात अर्बुदावर उपचार घेत होते. त्या अनुभवातून आलेली ‘कर्करोग कक्ष’ ही कादंबरी १९६८ मध्ये सोव्हिएत देशाबाहेर प्रसिद्ध झाली. मायदेशात ती १९९० पर्यंत छापली गेली नाही. टॉलस्टॉय यांचे कथन एका खोलीत घडते, तर हे एका वॉर्डात. म्हणून येथे आधाराचे स्वरूपही सामुदायिक होते. पोद्दुयेव्ह हा रांगडा रुग्ण टॉलस्टॉय यांच्या गोष्टींचे पुस्तक वाचतो आणि माणसे कशाच्या बळावर जगतात हा प्रश्न खाटेखाटेवर विचारत फिरतो. सहरुग्णांनी एकमेकांशी मनमोकळे बोलावे हे जे तत्त्व पुढे आधारगटांनी स्वीकारले, त्याचे एक प्रभावी चित्र या प्रकरणात आढळते. तेथे उपदेशक कोणीच नाही. प्रत्येकाची गाठ त्याच्याच गळ्यात वा पोटात आहे.

या वॉर्डातील संस्थेची भाषा मात्र लपवणारी आहे. घरी सोडले म्हणून आनंदाने निघालेल्या एका तरुणाच्या दाखल्यावर त्याचे असाध्य निदान लॅटिनमध्ये लिहिलेले असते. ते त्याला वाचता येत नाही. कोस्तोग्लोतोव्ह या नायकाला दिल्या जाणाऱ्या संप्रेरकाच्या इंजेक्शनांचा त्याच्या पौरुषावर काय परिणाम होईल, हे डॉक्टर सांगत नाहीत. ते त्याला झोया या वैद्यकीय विद्यार्थिनीकडून कळते. तुरुंग आणि हद्दपारी भोगलेल्या या माणसाला रुग्णाच्या हिताच्या नावाखाली घेतलेला निर्णय आणि नागरिकाच्या हिताच्या नावाखाली घेतलेला निर्णय यांत साम्य दिसते. कादंबरीचे राजकीय रूपक याच साम्यावर उभे आहे.

ती रूपकाच्या पलीकडे जाते ते दोन्त्सोवा या प्रमुख डॉक्टरच्या आजाराने. आयुष्यभर क्ष-किरणांच्या सान्निध्यात काम केलेल्या या डॉक्टरला स्वतःलाच कर्करोगाची लक्षणे जाणवतात. आपले जुने गुरू ओरेश्चेन्कोव्ह यांच्याकडे ती जाते आणि स्वतःला सारे काही सांगितले जाऊ नये, अशी इच्छा व्यक्त करते. ज्ञानाचा अधिकार मागणारा कोस्तोग्लोतोव्ह आणि अज्ञानाचा अधिकार मागणारी दोन्त्सोवा यांना लेखकाने एकाच कादंबरीत ठेवले आहे आणि दोघांच्याही मागणीला समान प्रतिष्ठा दिली आहे. सांगणे अथवा न सांगणे यांपैकी एक कायमचे नैतिक ठरवता येत नाही, हे यातून निष्पन्न होते. किती ऐकायचे आणि केव्हा ऐकायचे, हे ठरवणे ज्याच्या हाती आहे तो रुग्ण आधारात आहे. ज्याच्या वतीने ते परस्पर ठरते तो एकाकी आहे.

५

ऑड्री लॉर्ड या कृष्णवर्णी अमेरिकन कवयित्रीच्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ (१९८०) या लेखनात प्रश्न आणखी पुढे सरकतो. १९७८ साली स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर ‘रीच टू रिकव्हरी’ या उपक्रमाची एक स्वयंसेविका त्यांना भेटायला आली. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला हा उपक्रम शस्त्रक्रियेतून गेलेल्या स्त्रियांनी नव्या रुग्ण स्त्रियांना धीर द्यावा या तत्त्वावर चालत असे. येथे काहीही लपवले जात नव्हते आणि सांगणारी स्वतः त्याच वाटेने गेलेली होती. तरीही ती भेट लॉर्ड यांना परकी वाटली. स्वयंसेविकेने आणलेला कृत्रिम स्तनाचा मऊ तुकडा फिकट गुलाबी होता. त्यांच्या कातडीच्या रंगाशी त्याचे नाते नव्हते. पुढे कृत्रिम स्तन न लावता त्या शल्यविशारदाच्या दवाखान्यात गेल्या तेव्हा परिचारिकेने त्यामुळे तेथील मनोधैर्य खचते, असे सुचवले. लढाईत डोळा गमावलेल्या मोशे दायान यांना काळ्या पट्टीऐवजी काचेचा डोळा बसवा असे कोणी सांगत नाही, याकडे लॉर्ड लक्ष वेधतात.

मनोधैर्य कोणाचे, हा येथील खरा प्रश्न आहे. स्वयंसेविकेच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तिने आणलेले सांत्वन आधीच तयार मापात शिवलेले होते. सारे पूर्ववत होईल, हा त्याचा आशय होता. लॉर्ड यांना पूर्ववत व्हायचे नव्हते. जे घडले ते दिसू द्यायचे होते. सुसान सोंटॅग यांनी १९७८ च्या ‘इलनेस अॅज मेटाफर’ मध्ये रोगाभोवतीची युद्धाची रूपके खरवडून काढण्याचा आग्रह धरला होता आणि स्वतःच्या आजाराचा उल्लेख त्या पुस्तकात टाळला होता. लॉर्ड मात्र योद्धा स्त्रीची प्रतिमा जाणीवपूर्वक स्वीकारतात. रूपक त्याज्य की ग्राह्य, हे येथेही ते कोणी निवडले यावर अवलंबून राहते. मराठी वृत्तपत्रांतील निधनवार्तांत ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’ हा शब्दप्रयोग नेमाने आढळतो. मृताने तो निवडलेला नसतो आणि तरीही पराभव त्याच्या नावावर लिहिला जातो.

६

भारतीय संदर्भात हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘आनंद’ (१९७१) या हिंदी चित्रपटाने कर्करोगाच्या रुग्णाची जी प्रतिमा घडवली, ती अद्याप पुसली गेलेली नाही. आतड्याच्या लिम्फोसार्कोमाने ग्रासलेला आनंद मुंबईत येतो. आपल्या रोगाचे भारदस्त नाव तो विनोदाने उच्चारतो आणि खिन्न वृत्तीच्या डॉ. भास्कर बॅनर्जीलाच जगणे शिकवतो. लपवाछपवीचा प्रश्न येथे आरंभीच निकालात निघतो, हे या चित्रपटाचे धाडस होते. त्यासोबत सांत्वनाची दिशाही उलटली. डॉक्टर, मेट्रन डिसा, डॉ. प्रकाश आणि सुमन हे कुलकर्णी दांपत्य, या सर्वांना आनंद धीर देतो. त्याला धीर देण्याची पाळी त्यांच्यावर क्वचितच येते.

चित्रपटाचे निवेदन भास्करच्या पुस्तकातून येते, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. आपण पाहतो तो आनंद डॉक्टरच्या स्मरणातला आनंद आहे. त्याच्या रात्री, त्याच्या वेदना आणि त्याचा राग यांना या स्मरणात फारशी जागा नाही. परिणामी हसतमुख रुग्ण हा एक सांस्कृतिक नमुना बनला. प्रत्यक्ष रुग्णापुढे हा नमुना ठेवला जातो तेव्हा रडण्याचा हक्क त्याच्याकडून काढून घेतला जातो. भेटीला आलेल्यांना हसत निरोप देणे हे त्याचे जणू कर्तव्य ठरते. ‘आनंद’च्या कलात्मक यशाविषयी येथे वाद नाही. इव्हान इलिचला खोटे बोलून एकटे पाडले जाते, आणि आनंदच्या वारसदारांना कौतुक करून. दोन्ही ठिकाणी सभोवतालच्या निरोगी माणसांची भीती शमते, एवढे साम्य तौलनिक वाचनात स्पष्ट दिसते.

७

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ हा मराठी चित्रपट माधवी घारपुरे यांच्या कथेवर आधारलेला आहे. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ त्याला मिळाले आणि २००४ मध्ये ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. त्यामुळे त्याच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. समुपदेशनाच्या दृष्टीने मात्र त्याचा विचार फारसा झालेला नाही. वास्तविक वैद्यकीय समाजसेविका ही व्यक्तिरेखा कथेच्या केंद्राजवळ आणणारी मराठी कृती म्हणून त्याला वेगळे महत्त्व आहे.

कोकणातील आजोबा आपल्या परशुराम या नातवाला शहरात आणतात. डॉ. साने यांचे निदान आहे नेत्रपटलाचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा. जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि त्यानंतर मुलाला कायमचे अंधत्व येईल. शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला हे सांगितले पाहिजे, असा डॉक्टरांचा आग्रह आहे. आसावरी ही समाजसेविका कागदपत्रांच्या गुंत्यातून आजोबांना वाट काढून देते आणि सांगण्याच्या अवघड प्रसंगी त्यांच्या पाठीशी उभी राहते. मुलाला कळते, तो हादरतो. त्यातच शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. मग एके दिवशी आजोबा आणि नातू रुग्णालयातून नाहीसे होतात. शोधाशोध होते, आरडाओरडा होतो. आजोबा नातवाला घेऊन परततात तेव्हा कळते, की डोळे आहेत तोवर त्याला जग दाखवून आणण्यासाठी ते गेले होते.

या प्रसंगाचे सोपे वाचन असे होऊ शकते की यांत्रिक रुग्णालयावर खेड्यातील आजोबांच्या मायेने मात केली. संहिता त्याला पुरेसा आधार देत नाही. मुलाला आधी सत्य सांगितले गेले नसते तर ती सहल म्हणजे एक गोड फसवणूक झाली असती; नातवाने पाहिलेले प्रत्येक दृश्य त्याच्या नकळत अखेरचे ठरले असते. सांगितल्यामुळेच ते पाहणे दोघांचे झाले. उलटपक्षी, केवळ सांगून रुग्णालय थांबले असते तर मुलाच्या हाती निदानाखेरीज काहीच उरले नसते. आसावरी आणि डॉक्टर जे करू शकतात ते आजोबांना एकट्याने पेलवत नाही, आणि आजोबा जे करतात ते कोणत्याही संस्थेच्या नियमपुस्तिकेत बसत नाही. डॉक्टरांचा संताप हा जबाबदार माणसाचा संताप आहे आणि त्याचे हळूहळू निवळणे हे चित्रपटातील सर्वांत परिपक्व निरीक्षण आहे. गेरासिमला जे मन टॉलस्टॉय यांनी दिले नाही, ते येथे आजोबांना मिळाले आहे. त्यांची असहायता आणि त्यांची धडपड हाच कथेचा मुख्य विषय बनतो.

तथापि एक मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. परशुरामला कळल्यानंतर त्याच्या मनात काय घडते, ते आपण बहुतांशी मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून वाचतो. अखेरीस काळा चष्मा लावलेला मुलगा होडीतून गावाकडे येतो, पाण्याचे आणि किनाऱ्याचे आवाज ओळखतो. हा शेवट मनाला भिडतो. परंतु अंध मुलाचे पुढचे शालेय आणि सामाजिक आयुष्य तो प्रेक्षकाच्या नजरेआड ठेवतो. लॉर्ड यांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे सारे सुरळीत झाल्याचे समाधान नेमके कोणाला हवे असते हा, ‘श्वास’च्या प्रेक्षकालाही विचारता येईल.

८

या कथनांच्या आधारे उपशामक शुश्रूषेच्या इतिहासाकडे पाहिले असता एक साम्य आढळते. लंडनमध्ये १९४८ साली डेव्हिड टास्मा या वॉर्साहून आलेल्या निर्वासित रुग्णाशी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांचा दीर्घ संवाद झाला. मृत्यूपूर्वी त्याने त्यांच्या नियोजित वास्तूत एका खिडकीसाठी म्हणून ५०० पौंड ठेवले. पुढे डॉक्टर झालेल्या सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले आणि शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक वेदनांचा एकत्र विचार करणारी समग्र वेदनेची संकल्पना मांडली. भारतात १९८६ मध्ये मुंबईला शांती अवेदना सदन सुरू झाले, १९९३ मध्ये कालिकतला वेदनामुक्तीचे काम उभे राहिले आणि १९९६ मध्ये दिल्लीत स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या हरमाला गुप्ता यांनी कॅनसपोर्ट ही संस्था स्थापन केली. सॉन्डर्स यांच्या कार्याचा आरंभ रुग्णाचे ऐकण्यातून झाला आणि कॅनसपोर्टचा स्वतः रुग्ण असण्याच्या अनुभवातून. सिद्धान्ताची मांडणी त्यानंतरची आहे.

क्यूब्लर-रॉस यांचे मूळ कामही रुग्णांच्या प्रदीर्घ मुलाखतींवर आधारलेले होते, हे पाच अवस्थांच्या आराखड्याखाली झाकले गेले आहे. साहित्यसमीक्षेने त्या आराखड्याचा पाठ पुन्हा न गिरवता मुलाखतीची ती मूळ जागा मोकळी करून द्यावी, असे सुचवावेसे वाटते. कथनात कोण बोलते, कोणाच्या स्मरणातून बोलते, रुग्णाचे कोणते वाक्य निवेदकाने गाळले आहे, हे प्रश्न समीक्षकाच्या नित्याच्या सरावाचे आहेत. रुग्णाच्या खाटेशेजारी बसणाऱ्यालाही ते प्रश्न उपयोगी पडतील. ‘समुपदेशन’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे आणि तो बदलण्याची खटपट व्यर्थ आहे. त्यातील उपदेशाचा अंश कमी करून ऐकण्याचा अंश वाढवणे मात्र शक्य आहे. त्यासाठी गेरासिम, दोन्त्सोवा आणि परशुरामचे आजोबा यांची उदाहरणे मराठी अभ्यासकांच्या हाताशी आहेत.